डिबेट कोण जिंकलं ते सोडा, उत्तर कोणी दिलं ते बघा: व्हान्स आणि वॉल्झ यांची तुलना कशी करायची

१ ऑक्टोबर २०२४. न्यूयॉर्कमध्ये रात्रीचे नऊ वाजले होते आणि आपल्याकडे गांधी जयंतीच्या सुट्टीची सकाळ होती, साडेसहा. सीबीएसच्या स्टुडिओत ओहायोचे सेनेटर जे. डी. व्हान्स आणि मिनेसोटाचे गव्हर्नर टिम वॉल्झ अमेरिकेच्या उपाध्यक्षपदाचे उमेदवार म्हणून उभे होते, व्हान्स रिपब्लिकन डोनाल्ड ट्रम्प यांच्या जोडीला, वॉल्झ डेमोक्रॅट कमला हॅरिस यांच्या. दीड तासाचा कार्यक्रम, समोर प्रेक्षक नाहीत, त्यामुळे टाळ्या-शिट्ट्या नाहीत, मध्ये चार-चार मिनिटांचे दोन ब्रेक. प्रश्नाला दोन मिनिटं, दुसऱ्याला त्यावर बोलायला दोन मिनिटं, मग दोघांना खंडनासाठी एकेक मिनिट. अमेरिकेत ४ कोटी ३० लाखांच्या आसपास लोकांनी ते पाहिलं.

संपताक्षणी प्रश्न आला तो नेहमीचाच: जिंकलं कोण? सीएनएनच्या झटपट चाचणीत व्हान्स ५१ टक्के, वॉल्झ ४९. सीबीएसच्या चाचणीत व्हान्स ४२, वॉल्झ ४१, आणि १७ टक्के म्हणाले बरोबरी. एवढ्यावर ‘व्हान्स यांची बाजी’ असा मथळा सहज होतो. पण हे आकडे जरा उलटून-पालटून बघायला हवेत.

सीएनएनच्या चाचणीत ५७४ नोंदणीकृत मतदार होते आणि चुकीची मर्यादा ५.३ टक्के अधिक-उणे. ही फट प्रत्येक आकड्याला लागते. म्हणजे ५१ हा खरं तर ४६ ते ५६ मधला कुठलाही आकडा असू शकतो, ४९ चंही तेच. दोघांमधल्या फरकाला तर ही फट जवळपास दुप्पट लागते. म्हणजे फरक दोनचा आणि फट दहाची. याला बाजी मारणं म्हणत नाहीत. शिवाय दोन्ही चाचण्या फक्त डिबेट पाहिलेल्यांच्या. जो माणूस राजकारणाला कंटाळून झोपी गेला, तो यात नाही, आणि काठावरचा मतदार बहुतेकदा तोच असतो. सीएनएनची बेरीज बरोबर शंभर भरते, म्हणजे बरोबरीचं खातं तिथे नाही. सीबीएसने ते ठेवलं तर सहातला एक माणूस तिकडे गेला. प्रश्न कसा विचारला यावर निकाल किती हलतो ते इथेच दिसतं.

सीएनएनच्याच चाचणीतले दुसरे आकडे जास्त बोलके आहेत. डिबेटच्या आधी याच लोकांपैकी ५४ टक्क्यांना वॉल्झ जिंकतील असं वाटत होतं, ४५ टक्क्यांना व्हान्स. म्हणजे व्हान्स यांचं यश हे निम्मं तरी अपेक्षांशी केलेल्या तुलनेचं होतं. चांगलं मत असणाऱ्यांचं प्रमाण वॉल्झ यांच्या बाबतीत ४६ वरून ५९ वर गेलं, व्हान्स यांच्या बाबतीत ३० वरून ४१ वर. दोघंही वर गेले. आणि वेळ पडली तर राष्ट्राध्यक्ष व्हायला लायक आहेत का, या प्रश्नावर ६५ टक्क्यांनी वॉल्झ यांना हो म्हटलं, ५८ टक्क्यांनी व्हान्स यांना. ‘जिंकलेला’ एक आणि जास्त लायक वाटलेला दुसरा! या पदासाठी विचारण्यासारखा प्रश्न खरं तर हा शेवटचाच होता, आणि मथळ्यात तो सहसा येत नाही.

तो का महत्त्वाचा, हे कळायला पद काय आहे ते आधी बघू. आपल्या उपराष्ट्रपतींवरून अंदाज बांधायला गेलं तर गफलत होते. भारतात उपराष्ट्रपतींना फक्त खासदार निवडतात, आणि राष्ट्रपतिपद रिकामं झालं तर ते तात्पुरतं काम बघतात. सहा महिन्यांत नवी निवडणूक घ्यावीच लागते. अमेरिकेत राष्ट्राध्यक्ष वारला किंवा त्याने राजीनामा दिला तर उपाध्यक्ष थेट राष्ट्राध्यक्ष होतो, आणि उरलेली सगळी मुदत त्याची. पोटनिवडणूक वगैरे काही नाही. आजवर नऊ वेळा असं झालंय: आठदा मृत्यूमुळे, एकदा १९७४ मध्ये निक्सन यांच्या राजीनाम्यामुळे. निक्सन यांच्या जागी आलेले जेराल्ड फोर्ड तर उपाध्यक्ष म्हणूनही निवडून आलेले नव्हते. आधीच्या उपाध्यक्षाने राजीनामा दिल्यावर संसदेच्या मंजुरीने त्यांची नेमणूक झाली होती. ही सोय १९६७ च्या पंचविसाव्या घटनादुरुस्तीची.

बाकी रोजचं ठरलेलं काम फार नाही. आपल्याकडे उपराष्ट्रपती राज्यसभेचे सभापती असतात, तसा अमेरिकेचा उपाध्यक्ष सेनेटचा अध्यक्ष असतो, आणि मतं समसमान पडली की निर्णायक मत त्याचं. हे मत शोभेचं नाही. कमला हॅरिस यांनी चार वर्षांत ३३ वेळा ते टाकलं, आजवर सगळ्यांत जास्त. आधीचा ३१ चा विक्रम एकोणिसाव्या शतकातल्या जॉन कॅल्हून यांचा. तिसरं काम चार वर्षांतून एकदाच येतं: निवडणुकीनंतरच्या ६ जानेवारीला राज्यांकडून आलेली इलेक्टोरल मतं (प्रत्येक राज्य आपले प्रतिनिधी, म्हणजे इलेक्टर, निवडतं आणि त्यांच्या मतांवर राष्ट्राध्यक्ष ठरतो) दोन्ही सभागृहांसमोर उघडणं.

आणि मतदार उपाध्यक्षाला वेगळं मत देतच नाही. मतपत्रिकेवर दोन्ही नावं एकत्र छापतात आणि त्यांच्यासमोर रंगवायला गोल एकच. वरचा आवडत नाही पण खालचा आवडतो, अशी सोय नाही. म्हणून डिबेटमधला उपाध्यक्षपदाचा उमेदवार स्वतःबद्दल कमी आणि वरच्याबद्दल जास्त बोलतो. त्याने दुसऱ्याचं वकीलपत्र घेतलेलं असतं. तुलना करायची तर अशिलाची बाजू कुठे संपते आणि वकिलाचं स्वतःचं मत कुठे सुरू होतं, ते वेगळं काढावं लागतं. कामाची सगळी मेख इथे आहे.

त्यासाठी व्हिडिओ बाजूला ठेवा आणि लिखित प्रत घ्या. वाहिन्या ती त्याच रात्री किंवा दुसऱ्या दिवशी पूर्ण छापतात. व्हिडिओत अर्धी मतं डोळे बनवतात: अर्ध्या पडद्यावर मान कोण डोलावतंय, कोण वहीत काहीतरी लिहितंय, कोणाचे डोळे मोठे झालेत. व्हान्स येल विद्यापीठात कायदा शिकलेले, सफाईने बोलणारे. वॉल्झ सुरुवातीला चाचरत होते. कागदावर हा फरक गळून पडतो आणि उरतं ते वाक्य.

कागदावर दोन उभ्या रेघा मारून तीन रकाने करा. पहिल्यात प्रश्न, पण एका ओळीत आणि उत्तराच्या जातीसह: हो-नाही, किती, कसं, की ‘तेव्हा असं का बोललात’. दुसऱ्यात आणि तिसऱ्यात एकेका उमेदवाराचं उत्तर, त्याला खूण तीनपैकी एक: दिलं, अर्धं, बगल. एका प्रश्नाला पाचेक मिनिटं लागतात, दीड तासाची डिबेट दोन बैठकांत होते. दोघांना एकाच बैठकीत तपासा. आज एक, उद्या दुसरा असं केलं की हात सैल सुटतो, आणि सैल कोणासाठी सुटतो ते आपल्यालाही माहीत असतं.

पहिलाच प्रश्न घेऊ. त्याच दिवशी इराणने इस्रायलवर क्षेपणास्त्रं सोडली होती. सूत्रधार मार्गारेट ब्रेनन यांनी विचारलं, इस्रायलने इराणवर आधीच हल्ला केला तर तुमचा पाठिंबा असेल की विरोध? प्रश्न हो-नाहीचा. वॉल्झ हमासने इस्रायलवर केलेल्या ७ ऑक्टोबर २०२३ च्या हल्ल्याबद्दल बोलले, ओलिसांबद्दल बोलले, स्थिर नेतृत्वाबद्दल बोलले, ट्रम्प यांच्या वयाबद्दल बोलले. हो किंवा नाही काही आलं नाही. खूण: बगल. व्हान्स यांनी आधी स्वतःची ओळख करून दिली, आई, आजी, मरीन दल. नमनाला घडाभर तेल. पण शेवटी म्हणाले की देश सुरक्षित ठेवायला काय करायचं ते इस्रायलने ठरवावं आणि आपण मित्रराष्ट्रांच्या बाजूने राहावं. आवडो न आवडो, हे उत्तर आहे. खूण: दिलं, उशिरा.

याच उत्तरात वॉल्झ यांनी इराण म्हणायच्या जागी इस्रायल म्हटलं. पुढे बंदुकांच्या प्रश्नावर तर ‘शाळेत गोळीबार करणाऱ्यांशी माझी मैत्री झाली’ असं तोंडून गेलं. म्हणायचं होतं गोळीबारात मुलं गमावलेल्या कुटुंबांशी. समाजमाध्यमांवर तेच वाक्य फिरलं. याला वजन शून्य द्या. जीभ घसरणं आणि भूमिका घसरणं यातला फरक ओळखायला सोपी चाचणी आहे: वाक्य मागच्या-पुढच्या वाक्यांशी जुळतं का? जुळत नसेल तर ती घसरलेली जीभ.

भूमिका घसरण्याचं उदाहरणही वॉल्झ यांचंच. १९८९ मध्ये चीनने बीजिंगच्या तिआनानमेन चौकातलं आंदोलन चिरडलं त्या वेळी आपण हाँगकाँगमध्ये होतो, असं ते पूर्वी म्हणाले होते, आणि नोंदी वेगळं सांगत होत्या. प्रश्न ‘असं का बोललात’ जातीचा. उत्तर सुरू झालं ते नेब्रास्कातल्या चारशे वस्तीच्या गावापासून. सायकलवरून फिरण्यापासून ते लोकांची सेवा करण्यापर्यंत सगळं झालं, मध्ये ‘मी कधीकधी मूर्खपणा करतो’ असंही आलं. पुन्हा छेडल्यावर कबुली आली, की आपण त्या उन्हाळ्यात तिथे पोचलो आणि बोलण्यात चूक झाली. खूण: अर्धं, तेही दुसऱ्या फेरीत. अशा ठिकाणी पाठपुरावा कोणी केला ते लिहून ठेवा, कारण पाठपुरावा झाला नसता तर हे बगलेतच गेलं असतं. व्हान्स यांनाही असाच प्रश्न आला, एकेकाळी ट्रम्प यांच्यावर कडाडून टीका केलीत, आता काय? ते म्हणाले, माझं चुकलं, आणि कारण म्हणून माध्यमांतल्या खोट्या बातम्यांकडे बोट दाखवलं. कारण पटण्याजोगं आहे का हा वेगळा मुद्दा. पण चूक पहिल्या फेरीतच मान्य झाली.

सगळ्यांत गोंधळाचा प्रसंग ओहायोतल्या स्प्रिंगफील्डचा, आणि तो नीट वाचला की डिबेटमध्ये दोघं एकाच वेळी बरोबर कसे असू शकतात ते कळतं. सूत्रधाराने खुलासा केला की तिथल्या अनेक हैतीयन स्थलांतरितांना कायदेशीर दर्जा आहे. व्हान्स यांनी हरकत घेतली, तुम्ही तथ्यतपासणी करणार नाही असं ठरलं होतं, आणि मोबाइल ॲपवरून अर्ज करून मिळणाऱ्या प्रवेशाबद्दल बोलू लागले. वॉल्झ म्हणाले, हे कायदे १९९० पासून आहेत. व्हान्स म्हणाले, ते ॲप १९९० पासून नाही. दोघं एकमेकांवर बोलू लागले आणि सीबीएसने दोघांचे माइक बंद केले. पाहणाऱ्याला वाटलं भांडण झालं. कागदावर दिसतं की दोघं दोन वेगळ्या गोष्टींबद्दल बोलत होते. मायदेशी परतणं धोक्याचं असलेल्यांना तात्पुरतं संरक्षण देणारी तरतूद खरंच १९९० च्या कायद्यातली. सीमेवर हजर होण्याची वेळ ठरवून घ्यायचं ॲप खरंच अलीकडचं. पण सूत्रधाराचा खुलासा पहिल्या गोष्टीबद्दल होता, आणि दुसऱ्या गोष्टीने पहिली खोटी ठरत नाही. अशा जागी ‘दोघांनी तपशील बरोबर दिला, मुद्दा एकाने बदलला’ अशी नोंद करा आणि पुढे जा.

आता दप्तर तपासणी. दावा कितीही आत्मविश्वासाने केलेला असो, त्याला तारीख लावून बघायची. व्हान्स म्हणाले की ओबामाकेअर (ओबामांच्या काळातला आरोग्यविम्याचा कायदा) कोसळत होतं आणि ट्रम्प यांनी ते सावरलं. दप्तर सांगतं, २०१७ मध्ये ट्रम्प सरकारला तो कायदा रद्दच करायचा होता. २८ जुलैच्या पहाटे सेनेटमध्ये ४९ विरुद्ध ५१ मतांनी तो प्रयत्न फसला, ट्रम्प यांच्याच पक्षाच्या जॉन मकेन यांनी विरोधात मत दिल्यामुळे. गर्भपाताबद्दल व्हान्स म्हणाले की आपण देशव्यापी बंदीला कधीच पाठिंबा दिला नाही, फक्त किमान राष्ट्रीय निकषाबद्दल बोललो. २०२२ मध्ये मात्र एका मुलाखतीत त्यांनी देशभर गर्भपात बेकायदा व्हावा असं आपल्याला वाटतं, असं म्हटलं होतं. वॉल्झही सुटत नाहीत. ‘प्रोजेक्ट २०२५’ या उजव्या विचारांच्या संघटनांच्या धोरण आराखड्यामुळे गर्भवतींची नोंदवही होईल, असं ते म्हणाले. त्या दस्तऐवजात गर्भपातांची आकडेवारी राज्यांकडून सक्तीने घेण्याचा प्रस्ताव आहे, गर्भवतींच्या नोंदवहीचा नाही.

दोघांची दप्तरं एका जाडीची नाहीत, हेही लक्षात ठेवायला हवं. वॉल्झ बारा वर्षं प्रतिनिधीगृहात होते आणि २०१९ पासून गव्हर्नर. त्यांच्या सहीने झालेले कायदे बघता येतात, उदाहरणार्थ २०२३ चा शाळेतल्या सगळ्या मुलांना मोफत न्याहारी आणि जेवण देणारा. व्हान्स सेनेटमध्ये आले जानेवारी २०२३ मध्ये. त्यांच्या नावावर मतं आणि विधेयकं आहेत, जसं ओहायोतल्या ईस्ट पॅलेस्टाइन गावच्या रेल्वे अपघातानंतर डेमोक्रॅट शेरॉड ब्राउन यांच्यासोबत आणलेलं रेल्वे सुरक्षेचं विधेयक, जे मंजूर झालं नाही. जाड दप्तरात चुकाही जास्त सापडणार. म्हणून चुकांची नुसती संख्या मोजून तुलना करू नका. दोघांनी एकाच विषयावर काय केलं किंवा काय केलं नाही, ते शेजारी ठेवा.

आणि सगळ्यात जास्त वजन द्यायचं ते पदाशी थेट जोडलेल्या प्रश्नाला. त्या रात्री तो आला अगदी शेवटाकडे. २०२० च्या निवडणुकीच्या मतमोजणीत आपण तेव्हाचे उपाध्यक्ष माइक पेन्स यांच्या जागी असतो तर राज्यांकडून पर्यायी इलेक्टर मागवले असते, असं व्हान्स आधी म्हणाले होते. दुसऱ्या सूत्रधार नोरा ओडॉनेल यांनी विचारलं, सगळ्या गव्हर्नरांनी निकाल प्रमाणित केले तरी यंदाही आव्हान देणार का? व्हान्स भविष्याबद्दल बोलले, २० जानेवारी २०२१ ला सत्तांतर शांततेत झालं असं म्हणाले, मग फेसबुकवरच्या सेन्सॉरशिपकडे वळले. वॉल्झ यांनी सरळ विचारलं, ट्रम्प २०२० ची निवडणूक हरले का? व्हान्स म्हणाले, टिम, माझं लक्ष भविष्याकडे आहे. वॉल्झ यांनी त्याला ‘उत्तर न देणं हेच पुरेसं बोलकं’ अशा अर्थाचा टोला दिला, आणि माइक पेन्स आज या मंचावर नाहीत ते त्यांनी तेव्हा निकाल अडवायला नकार दिला म्हणूनच, हेही सुनावलं.

नाट्य बाजूला ठेवून रकान्यात काय लिहायचं? व्हान्स: बगल, दोनदा. पण शेजारी कायद्याची ओळ लिहा. डिसेंबर २०२२ मध्ये या मतमोजणीच्या कायद्यात झालेल्या दुरुस्तीने उपाध्यक्षाची मतमोजणीतली भूमिका निव्वळ उपचाराची आहे हे स्पष्ट केलं, आणि आक्षेप घ्यायला पूर्वी प्रत्येक सभागृहातला एकेक सदस्य पुरे होता, तिथे आता प्रत्येक सभागृहाच्या एक पंचमांश सदस्यांची सही लागते. म्हणजे २०२१ मध्ये जे करता आलं असतं की नाही यावर वाद होता, ते २०२५ मध्ये कायद्याने जवळपास बंद. प्रश्न त्यामुळे निरर्थक होत नाही. अधिकाराची हद्द उमेदवार कुठे मानतो ते त्यातून कळतं.

अशा तुलनेने मत फिरतं का? फारसं नाही. १९८८ मध्ये ओमाहातल्या उपाध्यक्षपदाच्या डिबेटमध्ये डॅन क्वेल यांनी स्वतःच्या अनुभवाची बरोबरी माजी राष्ट्राध्यक्ष जॅक (जॉन एफ.) केनेडींशी केली आणि लॉइड बेंट्सन यांनी ‘तुम्ही जॅक केनेडी नाही’ म्हणून त्यांचा पार पालापाचोळा केला. निवडणुकीत बुश-क्वेल जोडीने ५० पैकी ४० राज्यं जिंकली. २००८ चा बायडन-पेलिन सामना जवळपास ७ कोटी लोकांनी पाहिला, त्या वर्षीच्या अध्यक्षीय डिबेटपेक्षाही जास्त, आणि तरी निवडणूक ठरली ती मंदीवर आणि वरच्या नावांवर. २०२० मध्ये सॉल्ट लेक सिटीत पेन्स यांच्या डोक्यावर दोन मिनिटं माशी बसून राहिली, आणि बऱ्याच जणांना आज त्या रात्रीची फक्त माशी आठवते.

निकाल सगळ्यांना माहीत आहे: ट्रम्प-व्हान्स ३१२ इलेक्टोरल मतं, हॅरिस-वॉल्झ २२६. ६ जानेवारी २०२५ ला सेनेटच्या अध्यक्ष म्हणून ती मतमोजणी चालवली आणि स्वतःचाच पराभव जाहीर केला तो कमला हॅरिस यांनी. मग २४ जानेवारीला संरक्षणमंत्रिपदासाठी पीट हेगसेथ यांच्या नावावर सेनेटमध्ये ५०-५० झाले, आणि चार दिवसांपूर्वी शपथ घेतलेल्या व्हान्स यांनी एक्कावन्नावं मत टाकलं. त्या नव्वद मिनिटांत निर्णायक मताबद्दल एकही प्रश्न विचारला गेला नव्हता.